मागच्या बाजूचा स्विच

टीव्हीच्या वायरीसाठी ठेवलेल्या भोकाशेजारी
आणखी एक भोक. कारखान्याचं नव्हे.
तापल्या खिळ्याने पाडलेलं,
कडेला प्लॅस्टिकचा ओघळ, थिजलेला,
आणि त्यात एक स्विच. वर-खाली. नाव नाही, गाव नाही.

बोगुमिवा म्हणाली, "लहानपणी ह्याला हात लावायची बंदी होती.
आता बाबाच नाहीत.
लावला, तर मशीन गोठतं.
बघा, काही होतंय का."

बितोममध्ये असली यंत्रं माझ्याकडे खूप येतात,
खाणीतल्या इलेक्ट्रिशियनांनी रात्रपाळीनंतर उघडलेली.
मी आधी काहीच काढत नाही.
दुसऱ्याचं सोल्डर अक्षर लावून वाचावं लागतं:
कुठे हात थरथरला, कुठे घाई झाली,
कुठे शिशाचा थेंब जपून, पुरवून वापरलाय.

पिवळी तार सुरुंगाची.
जमिनीखाली आठशे मीटरवर दगड फोडायला न्यायचे ती.
वर आलेल्या तुकड्यांनी ह्या गावात
कुंपणं बांधली, टोपल्या विणल्या,
आणि अलोइझीने तिचं एक टोक
चिपेच्या उचललेल्या पायाला डागलं.
सत्तावीस पाय सॉकेटात, अठ्ठाविसावा हवेत,
बगळ्याने धरावा तसा.

चिपेच्या काचेवर लेबल.
उजेड आत गेला तर लिहिलेलं पुसतं, म्हणून.
लेबल मुरंब्याच्या बरणीचं आहे.
बायकी, नीटस अक्षरात: आलुबुखार, ८८.

मल्टिमीटरचं टोक टेकवत गेले.
पीप. खाली केला की तार जमिनीला मिळते.
वर केला की
कुठेच नाही. नुसती लोंबकळते.
तेव्हाच्या चिपा मोकळ्या तारेला "हो" समजून घ्यायच्या.
म्हाताऱ्या झाल्या. आता जवळून कोणी चाललं तरी
हो की नाही, हो की नाही, असं होतं त्यांचं.

पिवळा, जांभळा, तांबडा:
तीन पट्ट्यांचा एक रेझिस्टर, तांदळाच्या दाण्याएवढा.
एवढंच कमी होतं सगळ्यात.
एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं,
किंवा त्या वर्षी मिळालं नव्हतं.

मग चिप वाचली. दोन अर्धी, शेजारी शेजारी,
दोन्हींत तेच ते, आकड्याला आकडा,
फक्त अठरा चौकोन वेगळे.
अठरा अक्षरं, जी ह्या यंत्राला परदेशातून येताना
कोणी शिकवली नव्हती:
एलच्या अंगावरची तिरपी रेघ,
एनच्या डोक्यावरचा फटकारा,
ई आणि ए ह्यांच्या पायाशी शेपूट.
रात्रपाळी करून आलेल्या माणसाने
आठ बाय आठ ठिपक्यांच्या वहीत
आपल्या भाषेचे काना-मात्रा भरले होते.
मुलीचं नाव एरवी तिथे चुकीचं उमटलं असतं.

तार बदलली नाही. फक्त बांधून घेतली,
ओढ बसू नये म्हणून.
तडकलेले दोन डाग पुन्हा वितळवले.
नव्या चिपेवर सगळं उतरवलं, जुनी पाकिटात ठेवली,
बरणीचं लेबल वाफेवर सोडवून इकडे लावलं.

एक राहिलं.
ईची शेपूट त्याने उलटी काढली आहे, डावीकडे वळलेली.
एका ठिपक्याचं काम. करू का, विचारलं.
बोगुमिवाने बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं.
"ते डावखुरे होते," म्हणाली,
मग स्वतःच मान हलवली, "नाही, त्याचा काय संबंध.
पण माझीही अशीच येते. शाळेत मार्क कापायचे."

मी झाकण लावलं. स्क्रू पाच होते, सापडले चार.
तिने स्वतः स्विच वर केला,
आधी बोट मागे घेऊन, मग पुन्हा पुढे करून.
निळ्या पडद्यावर अक्षरं जागची हलली नाहीत,
फक्त काहींना पाय फुटले.